विष पाल्यात, आळ माणसावर



कुटुंबाच्या पानावर गाईगुरांचा विषय कशाला, असे कुणाला वाटेल. आपल्यापैकी पुष्कळजण आता शहरात दोन खोल्यांत राहतात. गोठा राहिला नाही, शेणाचा वासही राहिला नाही. पण गावाकडे भाऊ-भावजय आहेत, त्यांच्या दारात एखादी गाय आहे, दोन शेळ्या आहेत, आणि बचत गटाचा हप्ता त्या दुधावर निघतो. तेव्हा हा विषय आपलाच आहे. शिवाय या विषयात आमच्या हातून एक चूक घडलेली आहे. ती चारचौघांत सांगितल्याशिवाय आम्हाला स्वस्थ वाटणार नाही.

आमचे गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगराखाली. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. दसरा झाला की निम्मे गाव ऊसतोडीला जाते. आमचे वडीलही एकेकाळी कोयता घेऊन जात. आम्ही बी.कॉम. होऊन कारकुनी धरली आणि शहरात आलो. मोठे बंधू गावीच राहिले.

पहिली गोष्ट १९८९ सालची आहे. तेव्हा आम्ही अकरा वर्षांचे होतो. ज्वारीची कापणी झाली होती, बुडखे रानात उभे होते. मध्येच एक हलका पाऊस येऊन गेला आणि त्या बुडख्यांना वीतभर हिरवेगार पोंगे फुटले. एके सकाळी गावच्या मालदार घरची गुरे दावे तुटल्यामुळे त्या रानात शिरली. तास-दीड तासात एक बैल आणि एक कालवड धापा टाकीत, तोंडाला फेस येऊन, पाय झाडीत मेली.

ऊन तापायच्या आत आमच्या वडिलांना चावडीवर बोलावणे आले. का, तर आदल्या संध्याकाळी ते त्या बांधावरून सरपण घेऊन येताना कुणीतरी पाहिले होते.

इथे थोडे मागचे सांगायला हवे. मेलेली जनावरे ओढणे हे आमच्या वाडवडिलांच्या माथी मारलेले काम होते. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मृत जनावराचे मांस सोडा, असे बजावले. आमच्या डोंगराखालच्या गावात ते पोहोचायला आणि पचायला वेळ लागला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आजोबांनी ओढकाम सोडले. त्यासाठी त्यांना वर्षभर रानात कुणी कामाला बोलावले नाही. तो राग पुढच्या पिढीपर्यंत जिवंत होता. कातड्यासाठी आणि मांसासाठी हे लोक जनावरांना विष घालतात, असा आळ अस्पृश्य जातींवर पूर्वी देशभर घेतला जाई. आमच्या वडिलांनी तर जन्मात मेलेल्या ढोराला हात लावला नव्हता. तरी त्या सकाळी चावडीवर एकजण म्हणाला, "वढायला नको म्हंता, आता मारायला लागला का?"

वडील उन्हात उभे होते. कुणी त्यांना बस म्हटले नाही. आम्ही मायचा पदर धरून लांब उभे होतो. दुपारी तालुक्याचे सरकारी ढोरांचे डॉक्टर आले. त्यांनी बैलाचे पोट फाडले. आत कोवळ्या ज्वारीचा लगदा होता आणि रक्त लालभडक होते. डॉक्टर म्हणाले, "किराळ लागली. पोंगे खाल्लेत."

किराळ काय असते ते गावातल्या प्रत्येक जुन्या शेतकऱ्याला ठाऊक होते. पण त्या सकाळी ते कुणालाच आठवले नाही. वडील मात्र सर्वांना आठवले.

डॉक्टर गेल्यावर माणसे एकेक करून पांगली. चुकले, असे कुणी म्हटले नाही. वडील घरी आले, तांब्याभर पाणी प्याले आणि मायला म्हणाले, "इख ज्वारीत व्हतं. त्यास्नी ते माझ्या हातात दिसलं." पुढे ते वीस वर्षे जगले. पण त्या बांधावरून पुन्हा कधी गेले नाहीत.

आता दुसरी गोष्ट. ही २०१९ ची आहे आणि ती आमच्या घरातली आहे.

२०१८ ला पाऊस पाठ फिरवून गेला. राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात आमचाही भाग होता. त्याच्या आदल्या वर्षी वहिनींनी बचत गटाचे पन्नास हजारांचे कर्ज काढून एक संकरित गाय घेतली होती. काळीपांढरी, कपाळावर पांढरा टिळा, नाक गुलाबी. दोन्ही वेळचे मिळून बारा लिटर दूध देई. हप्ता, पोरांची फी आणि घरचा चहा, सगळे त्या गाईवर. फेब्रुवारी उजाडला तशी कडब्याची पेंढी सोन्याच्या मोलाची झाली. चारा छावणीची नुसती चर्चा होती. पुतण्याने विचार केला की डोंगराच्या उतारावर अजून काही हिरवे दिसते, तिकडेच नेऊ. तीन दिवस त्याने गाय डोंगरावर नेली.

चौथ्या दिवशी गाईने वैरण सोडली. रवंथ थांबला. दूध बारावरून दोनवर आले. शेण कोरड्या गोळ्यांसारखे पडू लागले. शेजारच्या गावच्या एकाने तापाचे समजून इंजेक्शन टोचले, उपयोग झाला नाही. सहाव्या दिवशी बंधूंचा फोन आला. आम्ही रजा टाकून संध्याकाळच्या एस.टी.ने गावी पोहोचलो.

गाय पाहून आमच्या पोटात गोळा आला. डोळे पिवळे झाले होते. कान सुजून खाली लोंबत होते. गुलाबी नाकाची कातडी उलून त्यातून पाणी येत होते. पाठीवरच्या पांढऱ्या पट्ट्यावर हात ठेवला तर ती थरथरली. गंमत अशी की काळ्या भागाला काही झाले नव्हते. जिथे पांढरे, तिथेच भाजल्यासारखे.

हीच गोष्ट माणसांनी भलतीकडे नेली. रात्री जेवताना माय हळूच म्हणाली, "वन्सं आल्या व्हत्या त्या दिशी. थानाकडं बघून म्हनल्या, लई दूध देती की गं तुजी गाय. दुसऱ्या दिशी गाईनं खानं सोडलं."

या वन्सं म्हणजे आमच्या शेजारच्या आत्या. रक्ताच्या नव्हेत, पण सारी वस्ती त्यांना आत्याच म्हणते. नवरा गेलेला, मूल नाही, निराधारांच्या पगारावर आणि दुसऱ्याच्या घरी निवडण-टिपण करून दिवस काढणारी बाई. पुतण्या त्यांच्या दारात जाऊन नको ते बोलून आला होता. तीन दिवस वस्तीतल्या बायका टँकरच्या रांगेत त्यांच्यापासून दोन हात लांब उभ्या राहत होत्या. शनिवारी पलीकडच्या गावाहून एका भगताला आणायचेही ठरत आले होते.

बंधू-भगिनींनो, आम्ही शहरात चौदा एप्रिलला व्याख्याने देतो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा झाला तेव्हा वस्त्या-वस्त्यांत पत्रके वाटली. पण त्या रात्री मायने हे वाक्य उच्चारले आणि आम्ही भाकरी मोडीत गप्प बसलो. म्हटले, मायचे वय झाले आहे, कशाला दुखवा. खरे सांगायचे तर त्याहून वाईट गोष्ट घडली. ती पांढऱ्यावरची भाजलेली कातडी पाहून एक क्षणभर आमच्याही मनात येऊन गेले, की हे काहीतरी विचित्रच आहे.

हीच आमची चूक. झोप लागेना. अंगणात येऊन बसलो. आत्यांच्या घरात दिवा नव्हता, दार मात्र उघडे होते. त्या अंधारात बसून होत्या की झोपल्या होत्या, कळत नव्हते. आणि मग वडील आठवले. उन्हात उभे असलेले. तेव्हा आळ घेणारे वरच्या आळीतले होते. आज आळ आमच्या उंबऱ्यातून निघाला होता आणि ज्या बाईवर तो गेला ती आमच्यापेक्षाही गरीब होती.

सकाळी उजाडताच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आम्ही स्वतः गेलो आणि डॉक्टरांना गाडीवर बसवून आणले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी गाईची पापणी खाली ओढून पाहिली, हिरड्या पाहिल्या, नाक पाहिले, आणि पहिला प्रश्न विचारला, "चरायला कुठं नेली होती?"

पुतण्या मान खाली घालून म्हणाला, "डोंगराला."

"तिथं हिरवं काय राहिलंय आता?"

पुतण्या गेला आणि अर्ध्या तासात एक फांदी घेऊन आला. खरबरीत पाने, पिवळी-गुलाबी बारीक फुलांची गुच्छे, चुरगळली की उग्र वास. घाणेरी. कुणी तिला टणटणी म्हणते. आपल्या शाळेच्या वाटेवर जिची काळी फळे पोरे खातात तीच. दुष्काळात सारे करपते तेव्हाही ती हिरवी राहते. पोट भरलेले जनावर तिला सहसा तोंड लावीत नाही. उपाशी जनावर लावते.

डॉक्टरांनी अंगणात बसून समजावून सांगितले, ते जसे आम्हाला कळले तसे देतो. घाणेरीच्या पाल्यातले विष जनावराचे काळीज, म्हणजे यकृत, बिघडवते. पित्त वाहून जायचे थांबते आणि कावीळ होते. आता हिरव्या चाऱ्यात जो हिरवा रंग असतो, त्यापासून जनावराच्या पोटात एक पदार्थ तयार होतो. निरोगी जनावराचे यकृत तो पित्तातून बाहेर टाकते. यकृत बिघडले की तोच पदार्थ रक्तातून कातडीत जातो आणि ऊन पडले की कातडी जाळतो. काळ्या कातडीतला रंग ऊन अडवतो. पांढऱ्या-गुलाबी कातडीला असे संरक्षण नाही. म्हणून पांढरे तेवढे भाजते.

बंधूंनी विचारले, "पण साहेब, चार दिस झाले, डोंगराला नेलीच नाही. तरी वाढतंच चाललंय."

डॉक्टर म्हणाले, "पोटाची हालचाल बंद पडली की खाल्लेला पाला आतच पडून राहतो. त्यातलं विष रोज थोडं थोडं रक्तात उतरतं. आणि तुम्ही तिला आता काय घालताय?"

वहिनी म्हणाल्या, "इकत आनून हिरवा मका घालते. आजारी हाय म्हनून."

बिचाऱ्या वहिनी. स्वतःच्या कानातले गहाण ठेवून त्यांनी तो मका आणला होता. डॉक्टर म्हणाले, "हिरवं बंद. कोरडा कडबाच द्या. आणि ऊन दिसता कामा नये."

त्यांनी नळीने पोटात कोळशाची औषधी भुकटी कालवून सोडली, कारण ती विष धरून ठेवते. शिरेतून सलाईन लावले, इंजेक्शने दिली, जखमांना मलम दिले. जाताना म्हणाले, "वाचेलच असं सांगत नाही. दोन-तीन आठवडे सेवा करावी लागेल."

डॉक्टरांना सोडून परत आलो आणि मायला म्हटले, "चल माझ्यासंगं." माय काही बोलली नाही. पदर डोक्यावर घेतला आणि निघाली. पुतण्यालाही घेतले.

आत्या उंबऱ्यात बसून कुणाचे तरी तांदूळ निवडत होत्या. आम्ही घाणेरीची फांदी पुढे ठेवली आणि सारे सांगितले. माय म्हणाली, "वन्सं, चुकलं माजं." पुतण्याने पाय धरले.

आत्यांनी ती फांदी उचलून वास घेतला आणि बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "मला कुनी इचारलं असतं तर पयल्याच दिशी सांगितलं असतं. आठ वर्साची असताना म्या वरच्या आळीची गुरं वळत व्हते. एक वासरू घानेरीत शिरलं, त्याचं नाक असंच उललं व्हतं. मालकानं मला चाबकानं मारलं व्हतं तवा."

थोड्या वेळाने त्या आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "तुज्या बापाला चावडीला उभं केलं, तवा म्या बी व्हते तिथं. बायकांत. तुला आठवत नसंल."

आम्हाला आठवत नव्हते. आम्ही मान खाली घातली. यावर काही बोलण्यासारखे आमच्यापाशी नव्हते.

पुढचे तीन आठवडे त्या घराने जे केले त्याला तोड नाही. बंधूंनी गोठ्याच्या साऱ्या फटी पोत्यांनी बुजवल्या. दिवसा आत अंधार. दिवस मावळला की वहिनी गाईला बाहेर काढीत, चांदण्यात फिरवीत आणि तांबडे फुटायच्या आत पुन्हा आत बांधीत. गाय जड पावलांनी चाले, मध्येच थांबे, वहिनी तिच्या मानेवर हात ठेवून उभ्या राहत. कडुनिंबाचा पाला उकळून, ते पाणी गार करून जखमा धुवायच्या, वर मलम लावायचे. माश्या बसून किडे पडू नयेत म्हणून दिवसभर कुणीतरी कापडाने वारायचे. टँकरच्या पाण्यातले माणसांचे पाणी कमी करून गाईला घोट-घोट पाजायचे. नवव्या दिवशी पहाटे वहिनींनी बंधूंना हलवून उठवले. गाय रवंथ करीत होती.

आत्या पहिले आठ दिवस आल्या नाहीत. त्यांना बोलावण्याचा हक्क आमच्या घराने गमावला होता. नंतर एके दुपारी आपण होऊन आल्या, गोठ्याच्या अंधारात बसल्या आणि हातातल्या कापडाने माश्या वारू लागल्या. मायने त्यांना चहा दिला. दोघी एक शब्द बोलल्या नाहीत.

गाय वाचली. एका कानाचे टोक वाळून गळून पडले, नाकावर वण राहिला. दूध मात्र सात लिटरच्या वर पुन्हा गेले नाही. गटाचे कर्ज एका वर्षाऐवजी अडीच वर्षांत फिटले.

वाचकांच्या उपयोगासाठी चार गोष्टी सांगतो. ज्वारीचे गुडघ्याएवढे कोवळे पीक, पाण्याअभावी खुरटलेले पीक आणि कापणीनंतरचे फुटवे जनावराला खाऊ देऊ नयेत. फुलोऱ्यात आल्यावर धोका कमी होतो आणि नीट वाळलेला कडबा सहसा सुरक्षित असतो. किराळ लागली तर अवधी मिनिटांचा असतो. जनावर ताबडतोब रानातून काढावे आणि डॉक्टरांना बोलवावे. सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही शिरेतून देण्याची औषधे आहेत आणि ती डॉक्टरांनीच द्यायची असतात. पडलेल्या किंवा धापा टाकणाऱ्या जनावराच्या घशात बाटलीने काही ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. घाणेरीशिवाय कण्हेर, धोतरा, बेशरम, एरंडाच्या बिया, रुई यांपासूनही जपावे. कण्हेर अंगणात शोभेला लावतात, पण तिची छाटलेली पाने गुरांपुढे पडली तर हृदय बंद पडते. उपाशी जनावर चरायला सोडू नये, आधी दोन मुठी का होईना कोरडी वैरण घालावी. आणि जनावर अचानक आजारी पडले की डॉक्टरांचा पहिला प्रश्न आपणच स्वतःला विचारावा, की याने काय खाल्ले? आता १९६२ या क्रमांकावर फोन करून फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. तो क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

तथागतांनी कालामांना सांगितले होते, की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, एवढ्यावरून काही मानू नका. आम्ही हे भाषणात अनेकदा सांगितले आहे. त्या रात्री भाकरी मोडताना ते आम्हाला आठवले नाही. एका फांदीने आठवून दिले.

आत्या २०२२ साली वारल्या. मायने आपल्या हाताने त्यांना आंघोळ घातली. दर पावसाळ्याच्या तोंडाला पुतण्या आता वस्तीतली पोरे घेऊन डोंगरावर जातो आणि वाटेकडेची घाणेरी मुळासकट उपटतो. त्यातल्या लहान पोरांना तो पाने चुरगळून वास घ्यायला लावतो आणि म्हणतो, "हे आत्यानं सांगितलंय."

जयभीम.